सूची क्रमांक २

‘डेटा’ या शब्दासाठी मराठीत ‘विदा’ हा प्रतिशब्द सुचवला गेला, तेव्हा आमच्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकांनी त्याचे स्वागत केले आणि तो वापरायचे मात्र टाळले. बोलताना आपण अजूनही ‘आकडेवारी’च म्हणतो. या दोन शब्दांत एक फरक मला अलीकडे जाणवू लागला आहे. आकडेवारी म्हटले की कुणीतरी आकडे ‘वारीने’, म्हणजे क्रमाने, मांडून ठेवले आहेत असे वाटते. मांडणारा माणूस त्या शब्दात थोडातरी शिल्लक राहतो. विदा मात्र आकाशातून पडल्यासारखी भासते. आणि संहितेचा अभ्यास करणाऱ्याला पहिली सवय लावली जाते ती हीच, की कागद हाती आला तर तो कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला आणि लिहिताना त्याची गरज काय होती, हे आधी विचारावे.

ही सवय घरांच्या किमतींच्या बाबतीत वापरण्याची वेळ २०२४ साली माझ्यावर आली. माझी थोरली बहीण बार्शीला असते. मेहुणे माध्यमिक शाळेत शिक्षक होते. ते गेले तेव्हा ताई एकसष्ट वर्षांची होती. त्यांच्या निवृत्तीची आणि विम्याची मिळून चाळीस लाखांच्या आसपास रक्कम तिच्या खात्यात होती. एवढी रक्कम बाईमाणसाच्या खात्यात स्वस्थ पडून आहे ही गोष्ट आपल्याकडे नातेवाइकांना फार अस्वस्थ करते. तिच्या दिरांच्या मुलाने वाघोलीला बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत एका शयनगृहाची सदनिका सुचवली. किंमत अठ्ठेचाळीस लाख. कमी पडणारे पैसे शेतातले दोन एकर विकून उभे करायचे, भाडे ताईला आयुष्यभर मिळेल, आणि ‘पाच वर्षांत पैसे दुप्पट’. ताईचा फोन आला. ती म्हणाली, “तू पुण्यात आहेस, शिकलेली आहेस, जरा बघ की गं खरं काय ते.” पुण्यात असणे आणि शिकलेली असणे या दोन्ही गोष्टींचा सदनिकांच्या किमतीशी काही संबंध नाही, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

विकसकाचे माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेले होते आणि त्याची भाषा मला ओळखीची वाटली. ती बखरीची भाषा होती. बखरीत ज्याप्रमाणे सैन्य नेहमी लाखांत असते आणि धनी नेहमी पुण्यप्रतापी असतो, त्याप्रमाणे येथे सर्व काही ‘पाच मिनिटांच्या अंतरावर’ होते. नकाशावर मेट्रोचे एक स्थानकही काढलेले होते. त्या वेळी, म्हणजे मार्च २०२४पासून, मेट्रो रामवाडीपर्यंत धावत होती. रामवाडीच्या पुढे वाघोलीपर्यंतच्या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली ती जून २०२५मध्ये. स्थानक असे मान्यतेच्या आधीच कागदावर उभे होते. वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना बखरींपेक्षा अस्सल पत्रांना अधिक मान दिला. बखर घटनेनंतर, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिली जाते. पत्र व्यवहाराच्या ओघात लिहिले जाते. तेव्हा मला अस्सल पत्रे हवी होती.

प्रथम मी वरून खाली पाहण्याचा प्रयत्न केला. रिझर्व्ह बँक दर तिमाहीस घरांच्या किमतींचा निर्देशांक प्रसिद्ध करते आणि तो नोंदणी कार्यालयांकडून मिळालेल्या प्रत्यक्ष व्यवहारांवर आधारलेला असतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. परंतु २०१०-११ हे पायाभूत वर्ष मानणाऱ्या त्या मालिकेत दहाच शहरे होती. त्यांत कानपूर होते, कोची होते, पुणे नव्हते. (पुणेकरांनी याबद्दल निषेध सभा कशी घेतली नाही, याचे मला आश्चर्य वाटते.) २०२५मध्ये २०२२-२३ हे पायाभूत वर्ष धरून नवी मालिका आली आणि शहरे अठरा झाली, तेव्हा पुण्याचा आणि नागपूरचा समावेश झाला. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा ‘रेसिडेक्स’ २००७पासून आहे आणि त्यात पुणे आहे. पण असा निर्देशांक अख्ख्या शहराचा असतो. कोथरूड, कल्याणीनगर आणि वाघोली यांचे मिळून जे एक सरासरी गाव तयार होते, त्यात कुणीच राहत नाही. ताईला त्या गावात घर घ्यायचे नव्हते. निर्देशांकाचा उपयोग एवढाच झाला की ‘पाच वर्षांत दुप्पट’ हे वाक्य कशाशी ताडून पाहावे याची कल्पना आली. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळजवळ पंधरा टक्के चक्रवाढ. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे सव्वासात टक्क्यांच्याही किंचित आत. ‘दुप्पट’ हा शब्द दोन्हीकडे एकच असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात वर्षे बाजूला राहतात आणि दुप्पट तेवढे उरते.

दुसरा कागद म्हणजे रेडी रेकनर. सरकारी मराठीत त्याला वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते म्हणतात. राज्याचे नोंदणी व मुद्रांक खाते गावागावांचे विभाग पाडून प्रत्येकाचा दर ठरवते आणि मुद्रांक शुल्क निदान त्या दराने भरावे लागते. पूर्वी हे तक्ते १ जानेवारीला लागू होत, २०१६पासून १ एप्रिलला होतात. नावात बाजारमूल्य असले तरी हा बाजाराचा आवाज नव्हे. बाजार ऐकून सरकारने दिलेला तो निर्णय आहे, आणि निर्णयात महसुलाची गरज व लोकांची नाराजी हे दोन्ही विचार मिसळलेले असतात. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी राज्याने हे दर वाढवले नाहीत, मग १ एप्रिल २०२५ला वाढवले. मधल्या दोन वर्षांत बाजार स्तब्ध उभा होता असे कुणी म्हणणार नाही. त्यामुळे रेकनरमधला दर पाहून ‘येथे भाव वाढलेला नाही’ किंवा ‘एकदम वाढला’ असे अनुमान काढणे म्हणजे शासननिर्णयाच्या तारखेवरून पाऊस कधी पडला ते ठरवणे होय.

मग मी सूची क्रमांक २ पाशी आले, आणि खरे सांगायचे तर तेथे रमले. दस्त नोंदला गेला की त्याचा गोषवारा या सूचीत उतरतो. ती सार्वजनिक आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि गट क्रमांक दिला की त्या गटातले दस्त समोर येतात. बोलीत सगळे तिला ‘इंडेक्स टू’ म्हणतात. तिची मराठी मात्र अशी आहे की वाचताना दफ्तरखान्याचा वास यावा. ‘विलेखाचा प्रकार’. ‘मोबदला’. ‘आकारणी किंवा जुडी देण्यात असेल तेव्हा’. ‘दस्तऐवज करून देणाऱ्या’ आणि ‘करून घेणाऱ्या’ पक्षकाराचे नाव, वय, पत्ता. शेवटी ‘शेरा’. आजच्या बहुमजली इमारतीतल्या सातशे दोन क्रमांकाच्या सदनिकेलाही जुडीचा रकाना आहे आणि तो रिकामा सोडलेला असतो.

या सूचीत किमतीचे दोन रकाने शेजारी शेजारी असतात: मोबदला आणि बाजारभाव. मोबदला म्हणजे देणाऱ्याघेणाऱ्यांत ठरलेली रक्कम. बाजारभाव म्हणजे रेकनरप्रमाणे निघालेली. (‘भाव’ या शब्दावर श्लेष करण्याचा मोह मराठीच्या माणसाला होतोच, तो आवरते.) म्हणजे एकाच व्यवहाराच्या दोन किमती सरकारदरबारी नोंदलेल्या असतात आणि ‘बाजारभाव’ असे जिला नाव आहे, ती बाजारात ठरलेली नसते. या दोन आकड्यांतले अंतर वाचणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे असे मला वाटते. मोबदला बाजारभावापेक्षा बराच वर असेल तर रेकनर मागे पडला आहे. दोन्ही आकडे ओळीने जवळजवळ सारखे येऊ लागले, की मात्र शंका घ्यावी. मोबदला रेकनरपेक्षा फार खाली दाखवला तर आयकरात अडचण येते. वर दाखवला तर शुल्क वाढते. जेथे काही रक्कम रोखीने देण्याची चाल आहे तेथे कागदावरची किंमत रेकनरच्या आसपास येऊन थांबते. असा दस्त अस्सल असतो, सही-शिक्क्याचा असतो, आणि तरी त्यातला आकडा खरा नसतो. पत्रेही खोटे बोलू शकतात, हे बखरींवर रागावलेल्या माणसाने लक्षात ठेवले पाहिजे.

उलट दिशेचा खोटेपणा विकसकाच्या नव्या सदनिकांत असतो. ‘मुद्रांक शुल्क आमच्याकडून’ अशी योजना असली की करारातली किंमत पूर्ण राहते आणि सवलत दुसऱ्या वाटेने दिली जाते. सूचीत भाव उतरल्याचे दिसतच नाही. नोंदणी नंतर रद्द झाली तर रद्दलेख वेगळा नोंदला जातो, पण मूळ करारनामा यादीत तसाच राहतो, आणि विक्रीची मोजदाद करणारा त्याला विक्री समजून चालतो. तारखांचेही तसेच. २०२०च्या सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर राज्याने मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोनवर आणले, आणि मार्च २०२१पर्यंत तीनवर ठेवले. दस्तावर सही झाल्यावर नोंदणीसाठी कायद्याने चार महिने मिळतात. त्यामुळे डिसेंबरात शुल्क भरून ठेवलेले दस्त पुढचे काही महिने नोंदले जात राहिले. नुसते महिनावार आकडे पाहणाऱ्याला करोनाच्या काळात घरांना अपूर्व मागणी आली असे वाटेल. मागणी होती, पण तिचा बराचसा भाग पुढच्या वर्षाकडून उसना घेतलेला होता. म्हणून सूचीत दस्त करून दिल्याचा दिनांक आणि नोंदणीचा दिनांक असे दोन रकाने वेगळे आहेत, आणि दोन्ही वाचावेत.

मी त्या गटातल्या आणि शेजारच्या गटांतल्या मिळून त्रेपन्न सूच्या वाचल्या आणि एका वहीत उतरवल्या. आमच्या महाविद्यालयातले अर्थशास्त्राचे सहकारी मदतीला होते. त्यांनी पहिली शिस्त लावली ती क्षेत्रफळाची. रेकनरचा दर चौरस मीटरला आणि बांधीव क्षेत्रावर, दलालाचा दर चौरस फुटाला, जुन्या करारांत कधी ‘सुपर बिल्टअप’, म्हणजे जिना आणि प्रवेशकक्षही आपल्या डोक्यावर, आणि रेरा कायद्यानंतर चटई क्षेत्र, ज्यात बाल्कनी धरत नाहीत. हे सारे एका मापात आणल्याशिवाय तुलना करणे म्हणजे ओवी आणि अभंग यांची मात्रा मोजून श्रेष्ठता ठरवणे. दुसरी शिस्त त्यांनी सांगितली ती अशी की सरासरी काढू नका, मधला आकडा काढा. एखादे दुमजली आलिशान घर सगळ्यांना श्रीमंत करून टाकते. आणि तिसरी: बक्षीसपत्रे, हक्कसोडपत्रे काढून टाका, त्यांत मोबदला शून्य असतो, शून्यांनी हिशेब बिघडतो. मी काढून टाकली.

पुनर्विक्रीचे दस्त थोडे होते, पण बोलके होते. विकसकाकडून पहिल्यांदा घेताना नोंदलेली किंमत आणि त्याच सदनिकेची सहा-सात वर्षांनी दुसऱ्याला विकतानाची किंमत, अशा जोड्या लावता आल्या. बहुतेक जोड्यांत वाढ होती, मात्र ती वर्षाला दोन-तीन टक्क्यांची. एकीत काहीच नव्हती. नव्या इमारतींतले दर मात्र वर चाललेले. म्हणजे ‘या भागात भाव वाढला’ हे विधान नव्या घरांपुरते खरे होते. आज घेतलेले नवे घर उद्या जुने होते, हे माहितीपत्रकात कुठे लिहिलेले नव्हते.

आणखी एक गोष्ट मी किमती सोडून पत्ते वाचू लागले तेव्हा दिसली. घेणाऱ्यांचे पत्ते लातूर, नांदेड, जळगाव, नवी मुंबई असे होते. पत्ता बाहेरचा असला म्हणजे माणूस तेथे राहायला येणार नाही असे म्हणता येत नाही, हे उघड आहे. म्हणून एका शनिवारी संध्याकाळी मी वाघोलीला गेले. हे गाव पिलाजी जाधवरावांचे; वाघेश्वराचे देऊळ, दगडाच्या खाणी आणि नगर रस्ता ही त्याची जुनी ओळख. २०२१मध्ये ते पुणे महापालिकेत आले. पाण्याचे टँकर मात्र महापालिकेत आल्यावरही फिरत होते, आणि टँकरचा खर्च देखभालीच्या वर्गणीत येतो. त्याच विकसकाच्या, तीन वर्षांपूर्वी ताबा दिलेल्या इमारतीसमोर मी चहाच्या टपरीवर बसून रात्री आठच्या सुमारास उजेड असलेल्या खिडक्या मोजल्या. निम्म्याहून थोड्या कमी भरल्या. टपरीवाल्याने न विचारता सांगितले, “मॅडम, भाड्यानं पाहिजे का? भरपूर हायेत. भावात बसवू.” २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत सुमारे एक कोटी अकरा लाख घरे रिकामी आढळली होती. हा आकडा मी वर्गात कधीतरी सांगितला असेन. टपरीवर बसून पाहिल्यावर त्याचा अर्थ कळतो तो निराळा. ताईच्या भाडेकरूला या साऱ्या अंधाऱ्या खिडक्यांशी स्पर्धा करावी लागणार होती.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद होती: मूळ पूर्णत्वाची तारीख, वाढवून घेतलेली तारीख, किती सदनिका आरक्षित झाल्या, वास्तुविशारद व अभियंत्याची प्रमाणपत्रे. २०१७पासून मिळालेली ही सोय मोठी आहे. ‘नव्वद टक्के बुक’ असे सांगणाऱ्या विक्री प्रतिनिधीपुढे ते पान उघडून धरले, की त्याचा स्वर बदलतो. मला तेथे आढळलेला आरक्षणाचा आकडा निम्म्याच्याही खाली होता.

हिशेब शेवटी एका पानात बसला. अठ्ठेचाळीस लाख किंमत. बांधकाम चालू असल्याने पाच टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे दोन लाख चाळीस हजार. स्त्रीच्या नावावर एक टक्क्याची सवलत धरून सहा टक्के मुद्रांक शुल्क व अधिभार, दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. नोंदणीचे तीस हजार. एकूण त्रेपन्न लाख अठ्ठावन्न हजार. आसपास तशा सदनिकेला तेरा हजार भाडे मिळत होते. वर्षातला एक महिना रिकामा, दरमहा दोन हजार देखभाल, एवढेच वजा केले तरी हाती एक लाख एकोणीस हजार. सव्वादोन टक्क्यांच्याही आत, आणि तेही ताबा मिळाल्यावर. त्या वेळी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आठ पूर्णांक दोन दशांश टक्के व्याज होते आणि तीस लाखांपर्यंत ठेवता येत होते; तिमाहीला साडेएकसष्ट हजार. योजनेतले मुद्दल महागाईबरोबर वाढत नाही आणि घराचे वाढू शकते, हे मी ताईला दोनदा सांगितले, कारण एका बाजूचाच आकडा दाखवणे हेही बखर लिहिणेच झाले असते. पण तो फरक भरून निघायला सदनिकेची किंमत दरवर्षी किती वाढावी लागेल आणि सूच्यांमध्ये ती किती वाढलेली दिसते, हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा बोलण्यासारखे फारसे उरले नाही.

ताई पुण्याला आली होती. पुतण्याही होता. तो वाईट मुलगा नाही. काकूच्या पैशाचे सोने व्हावे असे त्याला मनापासून वाटत होते. तो म्हणाला, “मावशी, हे सगळं जुनं झालं. सूचीत मागचं दिसतं, पुढचं नाही. मेट्रो आली की बघा.” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. नोंदणीचा कागद भूतकाळाचाच असतो. मी त्याला एवढेच म्हटले की पुढचे जे दिसते आहे ते विकणाऱ्यालाही दिसते आहे, आणि त्याने ते अठ्ठेचाळीस लाखांत आधीच धरलेले आहे. ताई इतका वेळ माझी वही चाळत होती. तिने विचारले, “शेत विकलं तर त्या दोन एकरांचे किती येतील, याचं काही मांडलेलंच नाही की गं यात.”

ते मांडलेले नव्हते. सगळ्यांनी शेताला पैसे आणण्याची वाट धरले होते. त्याचीही किंमत तपासायची असते हे आमच्यातल्या शिकलेल्या दोघांच्या मनात आले नाही, तिच्या आले. तिने सदनिका घेतली नाही. तीस लाख योजनेत ठेवले, उरलेले बँकेत. शेत तसेच आहे, वाट्याने दिलेले. पुतण्याने त्याच इमारतीत स्वतःसाठी एक सदनिका घेतली, आणि आज ना उद्या तिची किंमत वाढेलही.

२०२५च्या दिवाळीत ताईने सांगितले, “आपल्या शेजारच्या गटाचा व्यवहार झालाय म्हणतात. काय भावानं, ते तुझ्या त्या सूचीत बघ.” आम्ही दोघी संगणकासमोर बसलो. बार्शी तालुक्यातल्या त्या गावाची यादी उघडली. शेजारचे खरेदीखत सापडले. त्याचा एकरी दर तिने काढला आणि मान हलवली. मग तिने आमच्या माहेरच्या गावाचे नाव घालायला लावले, सहजच. वाघोलीच्या याद्यांत जे अपवाद म्हणून मी वगळले होते, तेच येथे पानभर होते. हक्कसोडपत्र, हक्कसोडपत्र, हक्कसोडपत्र. करून देणाऱ्यांच्या रकान्यात बायकांची नावे, सासरचे आडनाव, सासरचा पत्ता. करून घेणाऱ्यांच्या रकान्यात भाऊ. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा हक्क महाराष्ट्राने १९९४मध्ये दिला आणि केंद्राने २००५मध्ये. त्यानंतरच्या वर्षांचीच ही पाने होती. मोबदला: शून्य. ही नोंद बाजाराच्या अभ्यासाला निरुपयोगी आहे, असे सहकाऱ्यांनी सांगितले होते, आणि ते त्यांच्या शास्त्राप्रमाणे बरोबरच होते.

“आपलीही असेल ना यात?” ताई म्हणाली.

होती. २००६ सालची. देणाऱ्यांत आमची दोघींची नावे, वये त्रेचाळीस आणि एकोणतीस. ताईने चष्मा लावून गट क्रमांक आणि क्षेत्र वहीत उतरवून घेतले, आणि मला त्याच गावचे २०२४चे खरेदीखत आहे का ते पाहायला सांगितले.